आंदणाचं कपाट सुरतेला कोण नेणार?

आखाजी जवळ आली की खान्देशातली घरं हलायला लागतात. सालदाराचं साल अक्षय तृतीयेला संपतं, नवा मालक ठरतो आणि त्याचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दुसऱ्या गावी जातो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात. शाळेच्या परीक्षा संपल्या की भाडेकरू खोल्या बदलतात. लग्नंही याच दिवसांत. एप्रिल-मेमध्ये धरणगावहून एरंडोलकडे किंवा पाळधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहा. कुणाचं तरी कपाट, कुणाची खाट, कुणाची पत्र्याची कोठी चाललेली दिसेलच.

त्या गाड्यांकडे मी नीट बघते. माझे वडील सुतार होते, धरणगावात त्यांचं छोटं दुकान होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि चोपडा, पारोळा, चाळीसगाव असं बदल्यांबरोबर आमचं बिऱ्हाड फिरलं. आता निवृत्त आहे. मोठी मुलगी सुरतेला उधन्यात राहते, मुलगा चाकणला कंपनीत आहे. गल्लीत कुणाचं सामान हलायचं असलं की मला हाक मारतात. दोरी कुठे बांधायची, आधी काय चढवायचं आणि काय नेऊच नये, हे एवढ्या वर्षांत अंगवळणी पडलं आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि लग्नसराईच्या तोंडावर ते मोकळेपणाने सांगायला हवं. लेकीला आंदणात नवंकोरं जड सामान देणं आपण थांबवावं. तिला जुनं पण मजबूत, सुटं होणारं, तिच्या खोलीच्या दारातून आत जाणारं सामान द्यावं, आणि ते तिच्या घरी पोचवण्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

मंडपाबाहेर मांडलेलं सामान सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आरशाचं स्टीलचं कपाट, बॉक्सचा पलंग, गादी, ड्रेसिंग टेबल, कूलर, भांड्यांची मांडणी. कपाटाचा खर्च मामा उचलतो, पलंगाचा काका, आणि उरलेल्यासाठी बाप कुठून तरी उसनवार करतो. पाहुणे दोन घटका ते सामान बघतात. दुसऱ्या दिवशी ते सासरच्या खेड्यातल्या घरी जातं. नवरा मुलगा मात्र त्या खेड्यात राहत नसतो. तो सुरतेला मिलमध्ये किंवा साडीच्या मार्केटात असतो, नाहीतर नाशकात सातपूर-अंबडला, नाहीतर पुण्याकडे. तिथे त्याची एक खोली असते, दहा बाय बाराची, भाड्याची. नवी नवरी महिन्या-दोन महिन्यांत तिकडे जाते, आणि तिचं कपाट, पलंग, टेबल खेड्यातल्या धाब्याच्या घरात राहतं. पावसाळ्यात धाबं ठिबकतं. बॉक्सच्या पलंगात कांदे, जुनी बारदानं, फवारणीचा पंप जातो. तिकडे सुरतेत ती दोघं हप्त्यावर घडीचा लोखंडी पलंग आणि प्लास्टिकच्या खुर्च्या घेतात. एका संसारासाठी दोनदा सामान घेतलं जातं आणि पहिल्या वेळचं कर्ज बाप फेडत असतो.

मागून घेतलेलं सामान हुंड्यात मोडतं आणि त्याला बंदी घालणारा कायदा १९६१ सालचा आहे, हे सर्वांना माहीत आहे. मागणी करणाऱ्यांशी बोलायची भाषा वेगळी. इथे मी हौसेने, मायेने देणाऱ्या आईबापांशी बोलते आहे. त्यांची माया खरी असते. म्हणूनच ती मुलीपर्यंत पोचली पाहिजे, खेड्यातल्या खोलीत अडकून पडता कामा नये.

आता नेण्याचा हिशेब. धरणगाव ते सुरत रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. ही ताप्तीकाठची लाइन आमच्या माणसांची वाट आहे. उधना, लिंबायत या भागांत खान्देशातली घरंच्या घरं वसली, इतकी की सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. माणूस या गाडीने सहज जातो, त्याचं सामान जात नाही. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर माणशी ३५ किलो आणि स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान मोफत नेता येतं, आणि डब्यात नेण्याच्या पेटीचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरच्या आत असावं लागतं. कपड्यांची पेटी, मिक्सर, डब्यांची पिशवी एवढं त्यात बसतं. मोठं सामान पार्सलने पाठवता येतं, पण आमच्या स्टेशनावर गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, म्हणजे आधी ते जळगावला न्यायचं, तिथे चढवायचं, सुरतेला उतरवायचं आणि पुन्हा टेम्पोत भरून खोलीवर आणायचं. माझा अनुभव असा की सामान प्रवासात फार कमी तुटतं, चढवता-उतरवताना जास्त तुटतं. त्यामुळे या घराच्या ओट्यापासून त्या घराच्या दारापर्यंत एकच गाडी, हे शेवटी स्वस्त पडतं.

ती गाडी म्हणजे छोटा हत्ती. टाटांनी ती २००५ मध्ये आणली आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांचं सामान हलवणं पहिल्यांदा आवाक्यात आलं. त्याआधी आम्हाला अख्खी मोठी ४०७ गाडी करावी लागे, नाहीतर ओळखीच्या ट्रकवाल्याच्या मेहरबानीने एक कोपरा मिळे. छोटा हत्ती साडेसातशे किलोच्या आसपास वजन घेतो. एका खोलीचं सामान तेवढं भरत नाही. वजनाआधी जागा संपते. म्हणून सगळी अक्कल जागेत लावायची. हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. साडेसहा फुटी कपाट त्यात लांबीने, पाठीवर आडवं बसतं. कपाट तीन फूट रुंद, म्हणजे बाजूला पावणेदोन फुटांची पट्टी उरते. त्या पट्टीत खोललेल्या पलंगाच्या चौकटी, बाजूपट्ट्या, फळ्या उभ्या लावायच्या. कपाटावर गादी, गादीवर हलक्या वस्तू, मागच्या फळक्याशी कोठी. कोठी कधी रिकामी न्यायची नाही. तिच्यात भांडी आणि भांड्यांमध्ये कपडे. गोधड्या गाठोड्यात बांधून वेगळी जागा अडवू नये, दोन लाकडांमध्ये, काचेवर, कोपऱ्यांवर त्याच घालाव्यात. वरून ताडपत्री आणि चऱ्हाटाचे दोन आडवे, दोन उभे वेढे. कोंडाईबारीच्या घाटात गाडी वळणं घेते तेव्हा सैल दोरी सगळ्यात आधी कळते. आणि मागे सामानावर कुणी बसू नये. पोरं हट्ट करतात, मोठी माणसंही बसतात. घाटात हे जिवावर बेतू शकतं.

भाड्यात खरा फरक एकाच गोष्टीने पडतो. गाडीवाला इथून सुरतेला गेला की परत रिकामा येणार, म्हणून तो दोन्ही बाजूंचे किलोमीटर मोजतो. सात-आठ हजार सांगतो आणि त्याचं बरोबरच असतं. डिझेल त्याचं, टोल त्याचा, रात्र त्याची. पण लग्नसराईत सुरतेहून साड्यांचे गठ्ठे घेऊन गाड्या जळगाव, धुळे, अमळनेर, धरणगावला येतात आणि इथून रिकाम्या जातात. भाजीपाला घेऊन सुरतेला गेलेल्या पिकअप तिकडून रिकाम्या येतात. या परतीच्या गाडीत सामान टाकलं तर जवळजवळ निम्म्यात काम होतं. मुलीचं सामान मी असंच पाठवलं. साड्यांच्या दुकानासमोर गाडी उतरत होती, चालकाला विचारलं, तो म्हणाला, "ताई, गाडी खालीच जाई ऱ्हायनी, काय टाकनं शे ते टाका." दिवस मात्र त्याच्या सोयीचा धरावा लागतो. मुहूर्त, वार, अमावस्या बघणाऱ्याला परतीची गाडी मिळत नाही. एका गल्लीतली दोन घरं एकाच बाजूला जाणारी असतील तर त्यांनी एक गाडी करावी हे तर साधं आहे, पण लाजेपोटी कुणी एकमेकांना विचारत नाही.

राज्याची हद्द ओलांडायची म्हटलं की लोक घाबरतात. नवापूरला अडवतील, पावती मागतील, दंड करतील, असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि त्या भीतीचे पैसेही भाड्यात लावले जातात. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. वापरलेलं घरगुती आणि वैयक्तिक सामान जीएसटीच्या ई-वे बिलातून वगळलेलं आहे. नियम १३८ च्या जोडपत्रात ते लिहिलेलं आहे आणि त्याला किमतीची मर्यादा नाही. आणि ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन मालासकट ३००० किलोंच्या आत आहे तिला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो. गाडीचा विमा, फिटनेस, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स मात्र नीट हवं. मी सोबत एक कागद देते. त्यावर सामानाची यादी, कुठून कुठे, दोन्हीकडचे फोन, 'घरगुती वापरलेलं सामान' असं ठळक, खाली सही, आणि मागे भाडेकराराची झेरॉक्स. एवढ्याने चालकाला धीर येतो.

नव्या सामानाला मात्र हे लागू नाही. दुकानातून घेतलेलं कपाट, पलंग, फ्रीज एकदम सुरतेला न्यायचं तर बिलं सांभाळा, ५० हजारांवर किंमत गेली की ई-वे बिल बघा. जुन्याच्या बाजूने हीसुद्धा एक सोय आहे.

आता सामान कोणतं घ्यावं, याबद्दल वडिलांकडून शिकलेलं सांगते. पलंग करताना तो कधी ना कधी खोलला जाणार, हे धरूनच ते करत. डोक्याकडची चौकट, पायाकडची चौकट, दोन बाजूपट्ट्या आणि आडव्या फळ्या. बाजूपट्ट्या खाचेत बसत आणि बोल्टने आवळल्या जात. एक पाना असला की अर्ध्या तासाच्या आत पलंग भिंतीला टेकवून ठेवता येई. प्रत्येक सांध्याच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, ते पटाशीने खुणा करत. एका सांध्याला एक रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याने तो पलंग कधी पाहिलेला नाही त्यालाही रेघा जुळवून तो जोडता यावा, यासाठी. साग नवापूरकडच्या वखारींतून यायचा, डांगातला, सातपुड्यातला. त्यांनी केलेले पलंग आजही गावात आहेत. पॉलिश उडालं आहे, पण सांधा हलत नाही.

धरणगाव ही एकेकाळी छावणी होती. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खान्देशची भिल्ल पलटण उभारली ती इथे. त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांचं सामान सगळं सुटं होणारं असे, टेबलाचे पाय फिरवून काढायचे, पेट्या एकमेकींवर बसायच्या; पुढे रुरकीच्या छावणीतली घडीची खुर्ची तर जगभर गेली. स्वीडनच्या आयकियाने १९५६ मध्ये टेबलाचे पाय काढून ते सपाट खोक्यात विकायला सुरुवात केली आणि त्यावर मोठा धंदा उभा राहिला. ज्यांना सारखं हलावं लागतं त्यांचं सामान सुटं होणारं असावं, हे त्या लोकांना कळलं होतं. खान्देशातल्या तरुण माणसाला दर दोन-तीन वर्षांनी खोली बदलावी लागते. त्याच्या बाबतीत आपल्याला ते का कळू नये?

आजच्या बॉक्सच्या पलंगाची तऱ्हा निराळी आहे. तो बहुतेक वेळा भुशाच्या दाबलेल्या फळीचा असतो, वरून चकचकीत कागद. दुकानात सुंदर दिसतो. पण त्या फळीत स्क्रू एकदाच नीट बसतो. खोलून पुन्हा बसवायला गेलं की भोक मोठं झालेलं असतं, भुसा गळतो, स्क्रू फिरत राहतो. न खोलता न्यायचा तर तो जिन्याच्या वळणावर अडकतो. पाणी लागलं तर फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेलं ताप्तीचं पाणी सुरतेत घराघरांत शिरलं तेव्हा अडाजणच्या आमच्या नातेवाइकांकडे हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. भुशाच्या फळीचं टीव्हीचं कपाट आणि नवा पलंग चिखलाबरोबर रस्त्यावर टाकावा लागला. इकडून नेलेला सागाचा जुना पलंग त्यांनी धुतला, सावलीत वाळवला, बोल्ट बदलले आणि त्यावर अजून झोपतात.

म्हणून जुनं सामान बघायला जाताना मी चमक बघत नाही. पलंगाखाली वाकून सांधे बघते. लाकडाला नख लावते, कोपऱ्यात वाळवीची माती आहे का बघते, ठोकून आवाज ऐकते. पोकळ आवाज आला की तिथून निघते. स्टीलच्या कपाटात पत्र्याचा गेज विचारते. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे गिऱ्हाइकाला दुकानदार क्वचितच सांगतो. २० गेजचं जुनं कपाट २४ गेजच्या नव्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. गोदरेजने स्टीलचं कपाट १९२३ मध्ये केलं, त्या जातीची जुनी कपाटं अजून घरोघरी उभी आहेत आणि त्यांची दारं आजही बरोबर लागतात. फक्त ते कपाट दारावर आडवं करू नये, पाठीवरच करावं. लॉकर रिकामा, फळ्या काढलेल्या, दोन्ही दारं धोतराच्या पट्टीने बांधलेली, आणि किल्ली नेणाऱ्याच्या खिशात. नव्या जागी ते तिरपं उभं राहिलं की दार घासतं आणि लोक म्हणतात कपाट बिघडलं. पायाखाली पुठ्ठा घालून पातळी साधली की झालं.

पण या सगळ्याच्या आधी मापं. मुलीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मी तिला टेप घेऊन दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाची जागा, छताची उंची आणि पलंग ठेवायच्या भिंतीची लांबी मोजायला सांगितली. त्यावरून सहा फुटी डबल पलंग बाद झाला आणि चार फुटी गेला. आंदण ठरवताना दोन्हीकडचे व्याही सगळं बोलतात, याद्या होतात, मानपान ठरतात. ज्या खोलीत ते सामान जाणार तिचं माप मात्र कुणी विचारत नाही.

बजेट कमी असताना पैसे कुठे वाचवायचे नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. हमालाच्या मजुरीत वाचवायचे नाहीत. महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, देशात असा कायदा करण्यात आपलं राज्य पुढे होतं. तरी तिसऱ्या मजल्यावर कपाट पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसाशी आपण शंभर रुपयांवरून घासाघीस करतो. मजले आधी सांगावेत, वस्तू आधी दाखवाव्यात, ठरलेलं द्यावं, वर पाणी आणि चहा. जुनं सामान घेऊन जे पैसे वाचतात त्यातून हे सहज निघतं.

जुनं घ्यायला आपण कचरतो त्याचं एक कारण ढेकणांचं. भीती रास्त आहे. पण खान्देशातलं मेचं ऊन आपल्याकडे फुकट आहे. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. ढेकूण साधारण ५० अंशांवर तगत नाहीत. पलंगाचे भाग सुटे करून काळ्या प्लास्टिकखाली दुपारभर उन्हात ठेवले, उलटवले, पुन्हा ठेवले, तर फटींतली अंडीसुद्धा जातात. त्याआधी खाचांमधून उकळतं पाणी. गादी मात्र जुनी घेऊ नये. ती नवी, कापसाची, इथल्याच पिंजाऱ्याकडून भरून घ्यावी. कापूस आपल्या गावात कमी नाही.

दुसरं कारण मनातलं आहे. गेलेल्या माणसाचा पलंग कुणी घेत नाही. त्याचा अनादर मी करणार नाही. शय्यादानाची रीत आपल्यात आहेच आणि दिलेला पलंग कुणीतरी वापरतोच. माझ्या आत्याचा पलंग असाच पडून होता, तिच्या मुलांना ठेवायला जागा नव्हती आणि विकायला जीव होत नव्हता. वडिलांनीच केलेला. मी तो मागितला. आत्याच्या मुलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ज्यांच्या घरी अशा वस्तू आहेत त्यांनाही त्या कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात असं वाटत असतं. विचारणारं कुणी नसतं.

आणि तिसरं, लोक काय म्हणतील. याला उत्तर एकच, की ते ज्यांच्याकडे लोक बघतात त्यांनी आधी करावं. गावात दोन-चार बरी घरं मंडपात जड सामान मांडणं बंद करतील तर बाकीच्या बापांना मोकळा श्वास घेता येईल. शिक्षकांच्या घरांनी तरी हे करावं, अशी माझी अपेक्षा आहे. आम्ही आयुष्यभर बदल्यांमधून सामान ओढलं, आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

नगरपालिकांकडूनही मला काही हवं आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या मे महिन्यात शहराशहरांत जुन्या वस्तू जमा करण्याची केंद्रं उघडण्याची मोहीम चालवली. कपडे, पुस्तकं, खेळणी द्यायची आणि ज्याला हवी त्याने न्यायची. फर्निचरला मोठी जागा लागते, म्हणून ते अशा ठिकाणी सहसा येत नाही. धरणगावसारख्या तालुक्याच्या गावात उन्हाळ्याच्या सुटीत शाळांच्या खोल्या रिकाम्या असतात. एप्रिल-मेपुरती एखाद्या शाळेची एक खोली आणि एक फळा एवढंच पुरे. कुणाकडे काय आहे, कुणाला कुठे न्यायचं आहे, कोणती गाडी कुठून रिकामी जाते आहे, हे त्या फळ्यावर खडूने लिहिता येईल. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ जुलै हा घरं बदलण्याचा दिवस असतो. बहुतेक भाडेकरार तेव्हा संपतात आणि अर्धं शहर एकाच वेळी सामान हलवतं. तिथे महापालिकांना त्याची तयारी करावीच लागते. आपल्याकडेही हंगाम ठरलेला आहे, तारीखही पंचांगात छापलेली असते, तयारी तेवढी कुणी करत नाही.

एसटीने २०२० च्या टाळेबंदीत जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून मालवाहतूक सुरू केली. पुण्या-चाकणला, नाशिकला जाणाऱ्या आमच्या मुलांसाठी मे महिन्यात जळगाव विभागाने ठरलेल्या वारी एक गाडी सोडावी, दहा घरांचं सामान एकत्र घ्यावं आणि फुटाच्या हिशेबाने भाडं लावावं. मागणी आहे. कुणी मोजायला बसलं तर दिसेल.

यंदा माझ्या भाचीचं लग्न आहे. भावाशी बरीच चर्चा झाली. नव्या बॉक्सच्या पलंगाऐवजी आत्याचा सागाचा पलंग, माझं २० गेजचं कपाट नव्याने रंगवून, भरलेली नवी गादी, धान्याची छोटी कोठी. ड्रेसिंग टेबलाच्या ऐवजी भिंतीवरचा आरसा. उरलेले पैसे भाचीच्या खात्यावर. जावई लिंबायतला राहतात, त्यांनी खोलीची मापं पाठवली आहेत आणि पलंग बरोबर बसतो. साड्यांच्या गाडीवाल्याशी बोलणं झालं आहे. लग्नानंतरच्या आठवड्यात माल उतरवून तो परत जाईल तेव्हा भरायचं. हौद्यात अजून थोडी जागा शिल्लक राहते. उधना-लिंबायतकडे कुणाचं सामान जायचं असेल तर त्यांनी आधी सांगावं, भाडं वाटून घेऊ.